खानदेशच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड तापते तेव्हा : निदान आणि दुरुस्ती, पायरीपायरीने

संगणकात पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरचा हीटसिंक (उष्णता पसरवणारा, धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि पंखे कार्डात निर्माण होणारी उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडून देतात. याखेरीज त्यांना दुसरे काही करता येत नाही. त्यामुळे साध्या पंख्यांवर चालणारे कार्ड खोलीतील हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना जे कार्ड संगणकावरील खेळाच्या ताणाखाली ६८ अंशांवर स्थिर राहत होते, तेच कार्ड मे महिन्यात खोली ३९ अंशांवर गेल्यावर, पंख्याचा वेग आणि वीज तेवढीच असेल तर, साधारण ८५ अंश दाखवेल. कार्डात कोणताही बिघाड झालेला नसतो. फक्त ज्या हवेत ते उष्णता सोडते ती हवा १७ अंशांनी अधिक तापलेली असते.

जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि धुळे-नंदुरबारकडेही परिस्थिती फारशी वेगळी नसते. असे असताना आपल्याकडे कार्ड तापल्याची तक्रार आली की लगेच पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलण्याचा किंवा नवे कार्ड घेण्याचा सल्ला दिला जातो. या लेखात सुचवलेली पद्धत वेगळी आहे. कार्डाचा निव्वळ आकडा पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये. कार्डाच्या तापमानातून कॅबिनेटसमोरच्या हवेचे तापमान वजा करून जो फरक उरतो तो पाहावा. वरच्या उदाहरणात हा फरक दोन्ही ऋतूंत ४६ अंशच आहे, म्हणजे कार्ड निरोगी आहे. उलट, कूलर लावून ३० अंशांवर आणलेल्या खोलीतही कार्ड ८५ दाखवत असेल तर फरक ५५ अंशांवर गेला आहे, आणि तेव्हा मात्र दुरुस्तीला हात घातला पाहिजे. पुढच्या सर्व पायऱ्या याच फरकावर उभ्या आहेत.

खोलीचे तापमान कसे मोजावे

त्यासाठी घरगुती वापराचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. तो भिंतीवर टांगू नये, तर ज्या बाजूने कॅबिनेट हवा आत ओढते त्या बाजूला, जाळीपासून वीतभर अंतरावर, कॅबिनेटच्याच उंचीवर ठेवावा. मोबाइलवरील हवामानाचा आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण तो बाहेरच्या सावलीतील हवेचा असतो आणि आपले कार्ड श्वास घेते ते खोलीतील हवेत.

घराची बांधणीही लक्षात घ्यावी लागते. धाब्याच्या जुन्या घरात जाड मातीचे छत दुपारचे ऊन बऱ्याच अंशी अडवते. सिमेंटच्या स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली मात्र दिवसभर तापत राहते आणि सूर्यास्तानंतर कितीतरी वेळ ती उष्णता खाली सोडत असते. बहुतेक मंडळी रात्री जेवणानंतर खेळायला बसतात. बाहेर वारा सुटलेला असला तरी त्या वेळी स्लॅबखालची खोली ३६-३७ अंशांवरच असू शकते. पत्र्याच्या खोलीत याउलट दुपारी असह्य उकाडा असतो, परंतु पत्रा रात्री लवकर निवतो. म्हणून तक्रार ज्या वेळी येते त्याच वेळी मोजमाप करावे.

कोणते आकडे पाहावेत

एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड ही दोन मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी पुरेशी आहेत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, पण तेथे एकच आकडा मिळतो आणि निदानाला तो पुरत नाही. एचडब्ल्यूइन्फो उघडल्यावर 'सेन्सर्स ओन्ली' हा पर्याय निवडावा आणि कार्डाच्या विभागात पुढील गोष्टी शोधाव्यात : जीपीयूचे (कार्डावरील मुख्य चिपचे) सर्वसाधारण तापमान, हॉटस्पॉटचे तापमान, मेमरीचे तापमान, पंख्यांचे फेरे, कार्ड खात असलेली वीज वॉटमध्ये, आणि क्लॉकचा, म्हणजे चिप ज्या गतीने चालते तिचा, वेग.

हॉटस्पॉट म्हणजे चिपवरील अनेक सेन्सरांपैकी सर्वाधिक तापलेल्या जागेचा आकडा. निरोगी कार्डात तो सर्वसाधारण तापमानापेक्षा साधारणपणे १० ते २० अंशांनी जास्त असतो. हे अंतर ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेले तर चिप आणि हीटसिंक यांच्यातील संपर्क बिघडला आहे असा दाट संशय घ्यावा. येथे खोलीच्या उन्हाळ्याला दोष देता येत नाही, कारण खोली तापली तरी दोन्ही आकडे बरोबरीनेच वर जातात. एनव्हिडिया या कंपनीच्या आरटीएक्स ५० मालिकेतील कार्डांत हॉटस्पॉटचा आकडा वापरकर्त्याला दिसत नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतीत केवळ खोली आणि चिप यांतील फरकावरच विसंबावे लागते. मेमरीचा आकडाही सर्व कार्डांत मिळत नाही. आरटीएक्स ३०८० किंवा ३०९० सारख्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत मात्र तो आवर्जून पाहावा.

मर्यादांचे म्हणाल तर आरटीएक्स ३० मालिकेतील बहुतेक कार्डांसाठी एनव्हिडियाने ९३ अंश आणि आरटीएक्स ४० मालिकेसाठी ९० अंश ही कमाल मर्यादा दिली आहे. तथापि कार्ड तेथपर्यंत वाट पाहत नाही. अनेक कार्डांत ८३ अंशांच्या आसपासचे लक्ष्य ठरलेले असते आणि तेथे पोहोचताच क्लॉक हळूहळू उतरू लागतो. एएमडीच्या आरएक्स ५०००, ६००० आणि ७००० मालिकांत हॉटस्पॉट ११० अंशांपर्यंत जाणे कंपनीच्या मर्यादेत बसते, त्यामुळे १०० चा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. जीडीडीआर६एक्स मेमरीही ११० अंशांच्या सुमारास स्वतःचा वेग कमी करते. ती रोज १०५ च्या वर राहत असेल तर लक्ष घालावे.

खरोखर उष्णतेमुळेच वेग कमी होत आहे का, हे एनव्हिडियाच्या कार्डांत जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावरील 'परफकॅप रीझन' ही ओळ स्पष्ट सांगते. तेथे तापमानाची नोंद दिसली तर दोष उष्णतेचा आहे; विजेची किंवा व्होल्टेजची नोंद दिसली तर कार्ड आपल्या ठरलेल्या मर्यादेत नेहमीसारखे काम करीत आहे आणि खेळ अडखळण्याचे कारण इतरत्र शोधले पाहिजे.

लक्षणांची शहानिशा

उष्णतेने त्रासलेले कार्ड सहसा आधी सूचना देते. खेळ सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे सर्व सुरळीत असते, मग पंख्यांचा आवाज चढतो, फ्रेम (दर सेकंदाला तयार होणारी चित्रे) कमी होऊ लागतात, आणि परिस्थिती फारच बिघडली तर पडदा काळा होऊन पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात. याउलट एखादे दृश्य सुरू होताच, कार्ड ६०-६५ अंशांवर असतानाच, संपूर्ण संगणक क्षणात बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) घ्यावा. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॉट आणि त्यातून प्रत्यक्ष मिळणारी वीज यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि कार्डाने अचानक जोर केला की असा एसएमपीएस माघार घेतो. या दोन लक्षणांची गल्लत झाली तर माणूस कार्ड उघडून बसतो आणि दोष मात्र तसाच राहतो.

संगणक नुसता पडून असताना कार्ड तापत असेल तर टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम कार्ड वापरतो आहे ते पाहावे. फुकटात उतरवलेल्या खेळांबरोबर कधीकधी चोरून क्रिप्टो नाणी खोदणारा प्रोग्रॅमही घरात शिरतो. तसे काही नसेल तर दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश दराने (पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो त्या दराने) जोडले आहेत का, हे तपासावे; अशा जोडणीत काही कार्डांची मेमरी विश्रांतीतही पूर्ण वेगाने चालत राहते. तसेच अनेक आधुनिक कार्डांचे पंखे ५०-६० अंशांपर्यंत मुद्दामच बंद ठेवलेले असतात, त्यामुळे शांत संगणकात ५० अंशांवर पंखे थांबलेले दिसणे हा बिघाड नव्हे.

प्रमाण चाचणी

दोन वेळच्या आकड्यांची तुलना करायची तर दोन्ही वेळची परिस्थिती सारखी हवी. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर घ्यावे (ते दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालते), त्यात पंख्याचा वेग स्वयंचलित न ठेवता ७० टक्क्यांवर स्थिर करावा, पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खावी याची मर्यादा) १०० टक्के असू द्यावे, आणि युनिजिनची सुपरपोझिशन चाचणी किंवा नेहमीच्या खेळातील एकच ठरावीक जागा वीस मिनिटे चालू ठेवावी. पंखा स्थिर ठेवण्याचे कारण असे की स्वयंचलित पंखा तापमानानुसार वेग बदलत राहतो आणि त्यामुळे खरा बिघाड काही काळ झाकला जातो. वीस मिनिटांनी आकडे स्थिरावले की खोली, चिप, हॉटस्पॉट, मेमरी आणि वॉट हे पाचही एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. नवे कार्ड घेतले असेल तर ही नोंद पहिल्याच आठवड्यात करावी. पुढे कधीही तक्रार आली तर तुलनेला आधार मिळतो.

या कामासाठी फरमार्क हे ताण-चाचणीचे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. फरमार्क कार्डावर असा ताण टाकतो जो प्रत्यक्ष खेळात जवळजवळ कधीच येत नाही, आणि ऐन मे महिन्यात आधीच आजारी असलेल्या कार्डाला अर्धा तास त्यावर जुंपणे म्हणजे निदानासाठी रोग्याला पळवण्यासारखे आहे.

हवेची वाट

आता कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढावे आणि हीच चाचणी पुन्हा करावी. झाकण काढताच कार्डाचे तापमान पाच-सात अंशांनी किंवा अधिक उतरले तर दोष कार्डाचा नसून कॅबिनेटच्या हवेचा आहे. फारसा बदल झाला नाही तर हवा पुरेशी आहे आणि पुढच्या पायरीकडे वळावे. झाकण कायमचे काढून ठेवणे हा मात्र उपाय नाही, विशेषतः आपल्याकडच्या धुळीत.

हवा अडण्याची कारणे बहुधा साधी असतात. संगणकाच्या टेबलाला खाली जो बंद कप्पा असतो त्यात कॅबिनेट ठेवलेले असते आणि तेच ते गरम झालेले वारे पुन्हा आत ओढले जाते. काही वेळा कॅबिनेटची पुढची बाजू संपूर्ण काचेची असते; दिसायला ती सुंदर असते, पण तीन रंगीत पंख्यांना हवा मिळते ती कडेच्या बोटभर फटीतून. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून मागच्या बाजूला किमान वीतभर जागा सोडणे, पुढचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा-वरचा पंखा हवा बाहेर टाकणारा आहे याची खात्री करणे, आणि कार्डाच्या खाली लोंबणाऱ्या वायरी मागे बांधून टाकणे, एवढ्याने पुष्कळ काम होते. पंख्याची दिशा ओळखणे सोपे आहे : ज्या बाजूला मोटार धरून ठेवणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे फटींतून धूळ आत ओढली जात नाही.

कूलरबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण खानदेशात उन्हाळा निघतो तो कूलरवर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर खोली दहा अंशांनीही उतरवू शकतो आणि तेवढाच लाभ कार्डालाही होतो. त्या अर्थाने कार्डासाठी घेता येण्याजोगा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अट एवढीच की कूलरसमोरची एखादी खिडकी किंवा दार उघडे हवे. बंद खोलीत हवा लवकरच दमट होते आणि मग कूलर थंडावा देईनासा होतो. कूलरची झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये. गवताचे पॅड जास्त भिजले की हवेबरोबर पाण्याचे बारीक कण उडतात, आणि आपल्याकडच्या बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असल्याने ते कण सुकल्यावर पांढरा थर मागे ठेवतात. दमट हवेत धूळही हीटसिंकच्या पात्यांवर नुसती बसत नाही तर चिकटते आणि तिचा पापुद्रा तयार होतो. चालू असलेल्या कार्डावर दव साचेल ही भीती मात्र निराधार आहे, कारण कार्ड नेहमीच हवेपेक्षा गरम असते. पाऊस सुरू झाल्यावर कूलरचा उपयोग संपतो. जूनच्या शेवटी कार्डाचा फरक न बदलता आकडा पुन्हा चढलेला दिसला तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा कूलरचा पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात आणि खोली तापू लागते. चांगला एसएमपीएस कमी व्होल्टेजवरही कार्डाला योग्य तोच पुरवठा करीत राहतो, त्यामुळे कार्डाला थेट बाधा होत नाही. तेव्हा स्टॅबिलायझर घ्यायचाच झाला तर तो आधी कूलरला लावावा.

धूळ आणि कापूस

काळ्या मातीची वाळलेली धूळ अत्यंत बारीक असते आणि मार्च ते जून ती घराघरांत शिरते. कापूस वेचणीपासून जिनिंगचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जिनिंगच्या आसपासच्या वस्त्यांत हवेत कापसाचे तंतूही तरंगत असतात. या दोन्हींचा मिलाफ कार्डासाठी वाईट ठरतो. तंतू पंख्याच्या पात्यांमधून आत जातात आणि हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या वरच्या कडेवर आडवे अडकतात, त्यांच्या जाळ्यात पुढे माती अडते, आणि काही महिन्यांत पंखे व हीटसिंक यांच्यामध्ये करड्या रंगाची, बोटाने सलग उचलता येईल अशी चादर तयार होते. बाहेरून पाहिले तर पंखे स्वच्छ दिसतात. टॉर्चचा उजेड पंख्याच्या दोन पात्यांमधून तिरका टाकून आत पाहिल्याशिवाय ही चादर दिसत नाही.

सफाईसाठी संगणक बंद करून वायर काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निचरू द्यावी. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत घालवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विशेष महत्त्वाचे. कार्डाची वीजजोडणी काढावी, स्क्रू काढावेत, मदरबोर्डवरील स्लॉटची कळ दाबूनच कार्ड सरळ वर उचलावे. ही कळ न दाबता ओढल्याने स्लॉट तुटल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी येतात.

कार्ड अंगणात किंवा गच्चीवर नेऊन विजेच्या लहान ब्लोअरने साफ करावे. पंख्यांची पाती बोटाने किंवा लाकडी काडीने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते. आधी पंख्यांच्या बाजूने न मारता हीटसिंकच्या कडेकडून झोत मारावा, म्हणजे चादर आत दाबली न जाता बाहेर निघते. चिकटलेला थर मऊ, कोरड्या ब्रशने सोडवावा. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरखाली कार्ड धरण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे; ती टाळावी. त्या हवेचा दाब नको तेवढा असतो आणि टाकीत साचलेले पाणी व तेल तिच्याबरोबर कार्डावर येते. व्हॅक्यूम क्लीनरही टाळावा, कारण त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी स्थितिक विद्युत तयार होते.

हे सर्व झाल्यावर कार्ड पुन्हा बसवून प्रमाण चाचणी घ्यावी. फरक पूर्वीच्या नोंदीपर्यंत आला तर येथेच थांबावे.

पंखे

एखादा पंखा फिरत नसेल, अडखळत फिरत असेल किंवा खडखडत असेल तर त्याचे बेअरिंग गेले आहे. दोन पंख्यांपैकी एक बंद पडला तरी कार्ड चालू राहते, फक्त तापते. कार्डाच्या मॉडेलचे आणि पंख्याच्या मागे छापलेल्या क्रमांकाचे पंखे ऑनलाइन मिळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणीही चौकशी करता येते. घेताना व्यास, स्क्रूच्या छिद्रांतील अंतर आणि पिनची संख्या या तीनही गोष्टी जुळवाव्यात. बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचे तेल सोडण्याचा तोडगा चार दिवस चालतो, पुढे तेच तेल धूळ धरून ठेवते.

उघडण्यापूर्वी सॉफ्टवेअर

कार्ड उघडण्याआधी आणखी एक टप्पा आहे, आणि माझ्या मते खानदेशात उन्हाळ्यापुरता तोच सर्वांत उपयोगी आहे. पंख्याचा वेग स्थिर असेल तर खोली आणि कार्ड यांतील फरक हा कार्ड किती वीज खाते याच्या जवळजवळ प्रमाणात बदलतो. म्हणजे वीज २० टक्क्यांनी कमी केली तर ५० अंशांचा फरक सुमारे ४० वर येतो. दहा अंशांची ही बचत फुकट मिळते. शिवाय कार्डाने खाल्लेली वीज शेवटी खोलीतच उष्णता म्हणून उतरते. आरटीएक्स ३०८० पूर्ण ताणाखाली ३२० वॉट खाते; लहान बंद खोलीत तेवढ्या वॉटचा हीटर लावून बसण्याइतकाच त्याचा परिणाम होतो.

पहिला उपाय म्हणजे फ्रेमना मर्यादा घालणे. ६० हर्ट्झचा मॉनिटर असताना कार्डाने सेकंदाला १४० फ्रेम तयार करण्यात काहीही हशील नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिऑन चिल हे पर्याय त्यासाठीच आहेत. दुसरा उपाय म्हणजे आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणणे. चिप आपल्या वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी प्रमाणाबाहेर वीज खाते, त्यामुळे २० टक्के वीज कापली तरी बहुतेक खेळांत फ्रेम त्या मानाने फारच थोड्या घटतात.

तिसरा उपाय अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे चिप कमी व्होल्टेजवर चालवण्याचा, आणि तो थोडा संयमाचा आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल व एफ या कळा एकत्र दाबल्या की व्होल्टेज आणि क्लॉक यांचा आलेख उघडतो. आरटीएक्स ३० मालिकेतील कार्डासाठी ९०० मिलिव्होल्टचा बिंदू घ्यावा, खेळताना कार्ड एरवी ज्या क्लॉकवर चालते त्याच्या थोडे खाली तो बिंदू आणावा, आणि त्याच्या उजवीकडचे सर्व बिंदू त्याच पातळीवर सपाट करून ठेवावेत. नंतर नेहमीचा खेळ तासभर खेळून पाहावे. खेळ बंद पडला किंवा पडद्यावर रंगीत ठिपके दिसले तर क्लॉक आणखी १५ ते ३० मेगाहर्ट्झ खाली घ्यावा. प्रत्येक चिप थोडी वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत. खात्री होईपर्यंत विंडोज सुरू होताना ही सेटिंग आपोआप लागू होण्याचा पर्याय बंदच ठेवावा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये अंडरव्होल्टसाठी एका क्लिकचा पर्याय दिलेला असतो आणि सुरुवातीला तो पुरतो.

पेस्ट आणि पॅड

साफसफाई झाली, हवा मोकळी झाली, आणि तरीही फरक जुन्या नोंदीपेक्षा बराच जास्त असेल किंवा हॉटस्पॉटचे अंतर ३० अंशांच्या घरात असेल, तरच कार्ड उघडावे. वॉरंटी शिल्लक असेल तर अजिबात उघडू नये. स्क्रूवरील स्टिकर फाटल्याचे कारण देऊन काही कंपन्या वॉरंटी नाकारतात. अशा वेळी नोंदवहीतील आकडे दाखवून कार्ड दुरुस्तीला पाठवणे हाच योग्य मार्ग आहे.

उघडण्यापूर्वी कार्ड दहा मिनिटे चालवून कोमट करावे म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते. कार्ड मऊ कापडावर पंखे खाली करून ठेवावे. चिपच्या मागच्या बाजूला स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. ते एकदम पूर्ण न काढता समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे सैल करावेत. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर कार्डाची आकृती काढून त्या त्या जागी ठेवावा, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला तर बोर्डला इजा होते. हीटसिंक सुटत नसेल तर तो हलकेच डावी-उजवीकडे फिरवावा. मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. सुटल्यावरही तो झटकन उचलू नये, कारण पंख्यांच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी अजून बोर्डला जोडलेल्या असतात. त्यांचे टोक वायरीला न ओढता प्लास्टिकच्या कडांना धरून काढावे.

आतले दृश्य बोलके असते. चांगल्या स्थितीतील पेस्ट चिपवर सलग, किंचित ओलसर दिसते. बिघडलेल्या कार्डात ती चिपच्या चारही बाजूंना ढकलली जाऊन कडेला साचलेली असते आणि मध्यभागी काच चमकावी तशी उघडी चिप दिसते. कार्ड दररोज तापते आणि निवते, धातू फुगतो आणि आकसतो, आणि पेस्ट दर वेळी थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असलेल्या आपल्या हवेत हे लवकर होणे स्वाभाविक आहे.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. चिपच्या कडा ठिसूळ असतात, त्यामुळे नखाने किंवा पात्याने खरवडू नये. नवी पेस्ट संपूर्ण चिपवर पातळ थरात पसरवावी. प्रोसेसरवर मध्यभागी ठिपका देऊन काम भागते, पण येथे चिप उघडी असल्याने एखादा कोपरा कोरडा राहिला तर तोच हॉटस्पॉट बनतो. आर्क्टिक एमएक्स-४ सारखी मध्यम घट्ट पेस्ट चालते. दीर्घकाळ पुन्हा उघडायचे नसेल तर हनीवेलचा पीटीएम७९५० हा तापल्यावर मऊ होणारा पातळ पॅड पेस्टऐवजी लावावा, कारण तो सहसा ढकलला जात नाही. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नये. ते वीज वाहून नेते आणि ॲल्युमिनियम खाते.

मेमरीवरील आणि वीजपुरवठ्याच्या घटकांवरील थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) अखंड असतील तर ते तसेच ठेवावेत. फाटले असतील तर नव्या पॅडची जाडी मूळ जाडीइतकीच हवी. कार्डांत अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंतचे पॅड वापरलेले असतात, एकाच कार्डात दोन-तीन जाड्याही असू शकतात, आणि दाबला गेलेला जुना पॅड मोजला तर आकडा कमी भरतो. जाड पॅड लावला तर हीटसिंक उचलला जाऊन चिपला टेकत नाही आणि नवी पेस्ट लावूनही तापमान पूर्वीपेक्षा वाढते. पातळ लावला तर मेमरी उघडी पडते. मॉडेलनुसार जाडीची खात्री झाल्याशिवाय पॅड काढूच नयेत.

जोडताना चारही स्क्रू पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. पंख्यांची वायर आधी जोडली आहे ना, हे पाहूनच कार्ड कॅबिनेटमध्ये बसवावे. आरटीएक्स ४०९० सारख्या कार्डांची १६ पिनांची वीजजोडणी पूर्ण आत बसलेली असली पाहिजे. ती अर्धवट राहिल्यास जोडणीच वितळू शकते आणि बहुतेक कार्डांत कोणताही सेन्सर त्याची सूचना देत नाही.

जुनी कार्डे

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो नाण्याचे खोदकाम ग्राफिक्स कार्डांवर करणे बंद झाले आणि त्यानंतर खोदकामातील कार्डे जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आली. अशी कार्डे घेऊच नयेत असे नाही. चिप बहुधा ठणठणीत असते; झिजलेले असतात ते पंखे आणि मेमरीचे पॅड. विक्रेत्याकडे वीस मिनिटांची प्रमाण चाचणी समोर चालवून घ्यावी, खोलीचा आकडा वजा करावा, आणि हॉटस्पॉट व मेमरी पाहावी. चाचणीला नकार मिळाला तर ते कार्ड घेऊ नये. हिवाळ्यात घेतलेल्या कार्डाचा समाधानकारक आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्यात १५ ते १७ अंश मिळवून मे महिन्यातील आकडा काय येईल याचा हिशेब दुकानातच करावा. तो ८८ च्या पुढे जात असेल तर पंखे, पॅड आणि पेस्टचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

सर्व पायऱ्या होऊनही फरक खाली येत नसेल तर हीटसिंकच्या तांब्याच्या नळ्या निकामी झालेल्या असू शकतात. अशा कार्डात नळ्यांचे चिपजवळचे टोक हात लावता येणार नाही इतके तापते आणि दूरचे टोक जवळजवळ थंड राहते. ही दुरुस्ती घरी होत नाही. त्याच मॉडेलच्या मृत कार्डाचा हीटसिंक मिळवून बसवणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो मिळेपर्यंत पॉवर लिमिट ६०-७० टक्क्यांवर ठेवून कार्ड वापरता येते.